संशोधनप्रवेशाच्या उंबरठ्यावर

पीएच्.डी.साठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यास जो मनस्ताप होतो, तो त्याच्या दुबळ्या स्वभावाचा परिणाम होय, असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रवेशाची रचना नीट तपासून पाहिली असता या समजुतीस फारसा आधार उरत नाही.

पूर्वी विद्यापीठे स्वतंत्र प्रवेशपरीक्षा घेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४-२५ पासून त्यांच्या जागी राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, म्हणजे 'नेट'चे, गुण ग्राह्य धरण्याची व्यवस्था केली. विद्यार्थ्याचा शुल्काचा व प्रवासाचा खर्च वाचावा, हा हेतू योग्यच होता. परंतु अनेक लहान भयांच्या जागी एकच मोठे भय उभे राहिले, आणि त्याचा प्रत्यय त्याच वर्षी आला. १८ जून २०२४ रोजी नऊ लाखांहून अधिक उमेदवारांनी दिलेली परीक्षा दुसऱ्याच दिवशी, प्रश्नपत्रिका फुटल्याच्या संशयावरून, रद्द झाली. फेरपरीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरात होऊन निकाल ऑक्टोबरात लागला. ज्या चित्रावरून संशय आला ते बनावट असल्याचे तपासात आढळल्याचे वृत्त पुढे आले. पण उमेदवारांचे गेलेले चार महिने त्यामुळे परत मिळाले नाहीत.

उत्तीर्णांच्या श्रेणी तीन. पहिलीतील उमेदवारास कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळते व त्याचा प्रवेश मुलाखतीवर ठरतो. अन्य दोन श्रेणींत परीक्षेस ७० टक्के व मुलाखतीस ३० टक्के भार असून प्रवेशापुरते ते गुण एकच वर्ष ग्राह्य राहतात. खरी मेख येथे आहे.

२०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व साहाय्यक प्राध्यापकास चार संशोधक घेता येतात. निवृत्तीस तीन वर्षांहून कमी अवधी उरला असता नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे जागा मोकळी होते ती परीक्षेच्या वेळापत्रकाप्रमाणे नव्हे, तर जुन्या संशोधकाचा प्रबंध पुरा होईल तेव्हा. ज्या विभागात अध्यापकांची पदेच रिक्त आहेत, तेथे अडचण दुप्पट. हाती गुणपत्रक आहे, विषय मनात पक्का आहे, पण मार्गदर्शक नाही, आणि वर्ष सरत चालले आहे, अशी विद्यार्थ्याची स्थिती होते. अधिछात्रवृत्तीची वयोमर्यादा ३० वर्षे (स्त्रिया व राखीव प्रवर्गांस पाच वर्षांची सवलत). ती जवळ आलेल्यास तर प्रत्येक परीक्षा अखेरची वाटते.

अशा विद्यार्थ्यांची पत्रे प्रस्तुत लेखकाकडेही येतात. त्यांत संशोधनविषयाविषयी दोन ओळी व क्षमायाचनेच्या दहा असतात. त्यांना बहुधा एकच गोष्ट हवी असते: जागा आहे किंवा नाही, याचे उत्तर. नकाराने दुःख होतेच. तथापि नकार मिळालेला विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठाकडे वळू शकतो, उत्तराच्या प्रतीक्षेत असलेला वळू शकत नाही. प्रत्येक विभागाने आपल्या मार्गदर्शकांच्या मोकळ्या जागा नेटच्या निकालापूर्वी फलकावर लावल्या, तर यास खर्च एका कागदाचा येईल.