सिकलसेलचा रेणू, पडद्यावर

विदर्भात सिकलसेल हा शब्द शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे ग्रस्त. सोयरीक जुळवतानाही हे विचारलं जातं. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. हा रेणूचा आजार आहे, हे लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्येच दाखवलं होतं. पुढे व्हर्नन इन्ग्राम यांना नेमकी जागा सापडली: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. (जनुकीय अहवालात ती सातवी दिसेल, कारण तिथे सुरुवातीचं मेथिओनिनही मोजतात.)

ही जागा डोळ्यांनी पाहणं मात्र फार काळ मोजक्या प्रयोगशाळांपुरतंच राहिलं. १९७१ साली प्रोटीन डेटा बँक सुरू झाली, तेव्हा तिच्यात अवघ्या सात रचना होत्या. १९९३ मध्ये रॉजर सेल यांचा ‘रासमोल’ आला आणि साध्या संगणकावर रेणू फिरू लागला. हिमोग्लोबिनची फाइल एका फ्लॉपीत मावायची. नागपूरच्या लकडगंजात, आरामशिनींच्या आवाजात, विज्ञानाच्या मुलांना शिकवताना मला याचं मोल कळलं. फळ्यावर काढलेल्या चार गोळ्यांना मुलं हिमोग्लोबिन मानत. पडद्यावर ती त्याच्या आत शिरून लोहाचा अणू शोधू लागली.

रासमोल दाखवायचा, बदल करायची सोय त्यात नव्हती. ती वॉरन डीलानो यांच्या ‘पायमोल’मध्ये मिळाली, हा प्रोग्राम २००० च्या सुमारास आला. प्रोटीन डेटा बँकेतली २एचएचबी ही प्राणवायू नसलेल्या हिमोग्लोबिनची रचना उघडायची, म्युटाजेनेसिस विझार्ड घ्यायचा, बी साखळीतलं (म्हणजे एका बीटा साखळीतलं) सहावं अमिनो आम्ल निवडायचं आणि व्हॅलिन लावायचं. अणू एकमेकांत घुसले, तर लाल चकत्या दिसतात. इथे घोटाळा होत नाही. ही जागा रेणूच्या बाहेरच्या अंगाला आहे, त्यामुळे व्हॅलिन तिथे निवांत बसतं आणि बाकीची घडी जशीच्या तशी राहते.

मुलं इथेच बुचकळ्यात पडत, आणि माझ्या मते शिकवण्याचा खरा क्षण हाच. घरातलं कुणी वेदनेने तळमळताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना रेणू मोडका, वाकडा दिसावा असं वाटतं. एकटा रेणू तसा दिसत नाही. मग १९९७ साली प्रसिद्ध झालेली २एचबीएस ही रचना उघडायची. तिच्यात दोन रेणू शेजारी आहेत. एकाचं सहावं व्हॅलिन दुसऱ्याच्या बीटा साखळीतल्या फेनिलॲलनिन ८५ आणि ल्युसिन ८८ यांच्या खोबणीत रुतलेलं दिसतं. अशीच जोडणी पुढे चालू राहून तंतू तयार होतो आणि पेशी विळ्यासारखी वाकते. प्राणवायू घेतलेल्या रूपात ती खोबण तशी जुळत नाही.

हे दाखवायला ॲनिमेशन हवं. २एचएचबी आणि प्राणवायूसह असलेली १एचएचओ, या दोन रूपांत रेणूचे दोन अर्धे भाग एकमेकांच्या तुलनेत सुमारे १५ अंश फिरतात. दोन्ही टोकं क्ष-किरणांनी मोजलेली असतात, मधल्या चौकटी मात्र संगणक रचतो. अणू नुसते सरळ रेषेत सरकवले, तर साखळ्या एकमेकींतून आरपार जातात. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी १९६३ साली मांडलेला, साखळीच्या कण्याचे कोणते कोन शक्य आहेत हे दाखवणारा आलेख इथे कामी येतो. मधली चौकट थांबवून कण्याचे कोन तपासले, की अशक्य वळणं लगेच उघडी पडतात. चित्रफीत जितकी गुळगुळीत, तितका तिच्यावर विश्वास बसतो. म्हणून मोजलेलं कोणतं आणि रचलेलं कोणतं, हे पडद्यावर लिहायलाच हवं असं मी आग्रहाने म्हणतो.

सिकलसेलवरच्या व्हॉक्सेलोटर या औषधाने हा आग्रह आणखी पक्का केला. अल्फा साखळीच्या टोकाला ते कसं चिकटतं, हे चित्रात स्वच्छ दिसतं. २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, पण २०२४ मध्ये रुग्णांमध्ये दिसलेल्या निष्कर्षांमुळे कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. हायड्रॉक्सियुरिया मात्र टिकून आहे. त्याने गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण वाढतं, आणि त्यात बीटाच्या जागी असलेली गॅमा साखळी तंतूत नीट बसत नाही. आता मुलांना मी १एफडीएच ही गर्भातल्या हिमोग्लोबिनची रचना देतो. ती बीटावर गॅमा ठेवतात आणि ८७ वी जागा शोधतात: बीटात थ्रिओनिन, गॅमात ग्लुटामिन.