कोयता मोजला, बाई राहिली



दसरा-दिवाळी उरकली की आपल्या अजिंठ्याच्या डोंगरालगतच्या वस्त्या-तांड्यांवरून माणसे ऊसतोडीला निघतात. मागे घराला कुलूप, नाहीतर ओसरीवर एकटी म्हातारी. पाहणी करणारा दारात आला तर लिहिणार काय? तो फडावर गेला तर मुकादमाची वही पुढे येते. तिच्यात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’! पोरांची तर गोष्टच नको.

यादीत न सापडणाऱ्या अशा लोकांसाठी अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ साली एक रीत मांडली. परदेशांत स्थलांतरित मजुरांच्या पाहण्यांतही ती वापरतात. सुरुवातीला चार-पाच मजुरांशी बोलायचे. प्रत्येकाला नंबर घातलेल्या तीन चिठ्ठ्या द्यायच्या. त्याने त्या ओळखीच्या मजुरांना वाटायच्या. चिठ्ठीवर नाव नसते. चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला बुडालेल्या वेळेचा थोडा मोबदला, आणि पुन्हा तीन चिठ्ठ्या. अशी साखळी एका कोपीतून दुसऱ्या कोपीत जाते. दांडग्या ओळखीचा माणूस साखळीत लवकर सापडतो. म्हणून ‘असे किती मजूर ओळखता?’ हे प्रत्येकाला विचारतात आणि त्या मानाने हिशेबात त्याचे वजन कमी धरतात.

पहिली चिठ्ठी मुकादमाच्या हाती मात्र देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्याकडून उचल घेतलेला माणूस त्याच्यादेखत काय बोलणार? बाईची चिठ्ठी बाईकडेच जावी. गरोदरपणी डोक्यावर वाहिलेल्या मोळ्या आणि पोरांची सुटलेली शाळा तिथेच बोलली जाईल.

तुमच्या घरचे कोणी फडावर असेल तर एवढे सांगून ठेवा : पाहणी कोणाची, माहिती कुठे जाणार, हे आधी विचारावे. पटले तर बोलावे. नको म्हटले तरी चालते.