ताप उतरला, पण हृदय?
बायर्न म्युनिकचा फुटबॉलपटू अल्फोन्सो डेव्हिस तेव्हा २१ वर्षांचा होता. जानेवारी २०२२मध्ये कोविडनंतरच्या तपासणीत त्याच्या हृदयाच्या स्नायूला सौम्य सूज आढळली. मैदानावर परतायला एप्रिल उजाडला. हीच मायोकार्डायटिस. फ्लू किंवा कोविडनंतर ती क्वचितच होते, पण तरुण पुरुषांत अधिक दिसते.

ताप उतरल्यावर छातीत दुखणं, धडधड, जिना चढताना धाप, भोवळ... ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडा पिऊन बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ईसीजी, टूडी इको आणि रक्तातली ट्रोपोनिन चाचणी सुगावा देतात. एमआरआयवर सूज दिसते.

बहुतेक जण बरे होतात. मात्र सुजलेल्या स्नायूवर ताण आला तर ठोक्यांची लय जीवघेणी बिघडू शकते, म्हणून जिम आणि धावणं सहसा ३ ते ६ महिने बंद. तालीमबाजांना हेच औषध सर्वांत कडू लागतं!