देणगीचं पंचांग : चतुर्थीपासून म्हाळापर्यंत

(फोंडाघाट येथील व्याख्यानाचं संक्षिप्त शब्दांकन)

मंडळी, संस्थेच्या भिंतीवर जागतिक दिनांची यादी असते आणि घराच्या भिंतीवर पंचांग. निधी उभा करायचा तर दोन्ही शेजारी ठेवून वाचावी लागतात.

समजा, आपल्या कणकवली तालुक्यात एक संस्था एकट्या राहणाऱ्या वृद्धांची घरी जाऊन देखभाल करते. सप्टेंबर हा जगभर अल्झायमर जागृतीचा महिना, २१ तारीख हा त्याचा दिवस. १ ऑक्टोबर ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिन. आता पंचांग बघा. २०२६ साली चतुर्थी १४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी २५ ला, पाठोपाठ म्हाळ.

म्हणजे मुंबईचा चाकरमानी घरी असतो तो नेमका याच महिन्यात. आई तेच तेच विचारते, गॅस बंद करायला विसरते, हे फोनवर कळत नाही. चार दिवस सोबत राहिलं की कळतं. पण २१ तारखेला पावतीपुस्तक घेऊन निघालात, तर बरेच जण परतीच्या गाडीत बसलेले असतील.

म्हणून तयारी जुलैत. एका वृद्धाच्या देखभालीला महिन्याला किती खर्च येतो, तो आकडा आधी काढा. ऑगस्टमध्ये कामाची माहिती मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांना पाठवा. चतुर्थीत पैसे मागू नका. घरात खर्च चालूच असतो. वाडीतलं भजन आटोपल्यावर दहा मिनिटं विस्मरणाची लक्षणं सांगा. कुणी आपणहून नंबर दिला तर लिहून घ्या. मागणी करा ती म्हाळात. आईवडिलांच्या नावाने दान देण्याची रीत आपल्याकडे आहेच. मात्र पितरांची भीती घालून किंवा मुलांना लाजवून मागू नका. तो माणूस पुढच्या वर्षी दार उघडणार नाही.

‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम बघा. २०११ पासून गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख छापली जाते, वाचक धनादेश पाठवतात आणि ते जाहीर कार्यक्रमात संस्थांना दिले जातात. आधी ओळख, मग मागणी, शेवटी सर्वांदेखत सुपूर्द. हा क्रम लहान संस्थेलाही जमतो.

दोन नियम लक्षात ठेवा. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. आणि दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीवर दात्याला करसवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम बँकेतूनच घ्या.

चतुर्थी दरवर्षी सरकते, २१ सप्टेंबर जागचा हलत नाही. २०२७ ला चतुर्थी ४ तारखेला आहे. तेव्हा सगळं दहा दिवस अलीकडे आणावं लागेल. दिवाळीला मात्र प्रत्येक दात्याच्या हाती हिशेब पडलाच पाहिजे : किती आले, कुणाच्या घरी किती फेऱ्या झाल्या, किती उरले. पुढच्या चतुर्थीची देणगी त्या कागदावर ठरते.