गणपती घडताना टिपायचा, तर प्रकाश आधी ठरवा

चतुर्थी जवळ आली की आपल्या बेटावरील काही घरांत आजही मातीचा गोळा पाटावर येतो. ज्या घरी मूर्ती घडविणाऱ्या आजोबांनी सत्तरी ओलांडली आहे, तेथे नातवंडांना वाटते, हे सारे टिपून ठेवावे. त्यासाठी टाइम-लॅप्सची रीत सोयीची आहे. ठरावीक अंतराने एकेक छायाचित्र घ्यायचे आणि मग सेकंदाला २४ या वेगाने दाखवायचे. तीन तासांचे काम दर ३० सेकंदांनी टिपले, तर ३६० छायाचित्रे होतात. पडद्यावर ती १५ सेकंदांत सरतात आणि गोळ्यातून सोंड उमटताना दिसते.

पण पुष्कळदा अशी चित्रफीत लुकलुकते. दोष असतो कॅमेऱ्याच्या स्वयंचलित मापनाचा. आजोबांचा पांढरा सदरा चौकटीत आला की कॅमेरा प्रकाश कमी करतो, सदरा बाजूला झाला की वाढवतो. एका छायाचित्रात हे जाणवत नाही, ३६० मध्ये डोळ्यांना त्रास होतो. आणि चतुर्थी काही पुढच्या आठवड्यात पुन्हा येत नाही.

म्हणून पहिला नियम असा की सर्व काही हाताने ठरवावे. शटरचा वेग, भिंगाचे छिद्र आणि आय.एस.ओ. ही तिन्ही मापे आरंभीच पक्की करावीत. रंगांचा समतोल आणि फोकसही स्वयंचलित ठेवू नयेत. बऱ्याच मोबाइलमध्ये पडद्यावर बोट दाबून धरले की फोकस व प्रकाश जागीच कायम होतात. एवढे तरी जरूर करावे.

घरात ट्यूबलाइट असेल तर आणखी एक खबरदारी घ्यावी. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. शटर १/५०० ठेवले, तर एखादे चित्र उजळ आणि एखादे काळपट येईल. १/५० किंवा १/२५ ठेवावे, म्हणजे प्रत्येक चित्रात हे चढउतार पूर्ण मोजले जातात. खिडकीचा पडदा ओढून घ्यावा. वाक्वा-क्युरपिपच्या पठारावर ढग केव्हा येतील, याचा नेम नाही.

छिद्राचेही एक गुपित आहे. प्रत्येक वेळी भिंगाच्या पात्या मिटतात, त्या अगदी तेवढ्याच मिटतील असे नाही. छिद्र पूर्ण उघडे ठेवले, तर पात्यांना मिटावेच लागत नाही आणि ही लुकलुक टळते. मात्र तेव्हा खोलीतील थोडाच भाग स्पष्ट दिसतो, म्हणून फोकस मूर्तीवरच ठेवावा.

विसर्जनाची गोष्ट निराळी. फ्लिक-आँ-फ्लाकसारख्या पश्चिम किनाऱ्यावर त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास समुद्रात उतरतो. आपल्या अक्षांशावर तो जवळजवळ सरळ खाली जातो, म्हणून अंधार लवकर पडतो. तेथे एकच माप शेवटपर्यंत पुरत नाही. आय.एस.ओ. १००, छिद्र एफ/८ आणि शटर १/२५० येथून आरंभ करून पाहावा. आकाश पांढरेफटक दिसत असेल, तर शटर आणखी जलद करावे, कारण पार जळालेला भाग नंतर सावरता येत नाही. मग प्रकाश उतरेल तसे शटर एक-तृतीयांश पायरीने वाढवीत जावे. एकदम पूर्ण पायरी वाढविली, तर प्रकाश दुप्पट होऊन झटका दिसतो.

दर पाच सेकंदांनी चित्र घेत असाल, तर शटर दोन सेकंदांपुढे नेऊ नये. त्यानंतर आय.एस.ओ. वाढवावा. पुढच्या चित्राची वेळ होण्याआधी मागचे पूर्ण झाले पाहिजे. तिवई वाळूत नीट रोवावी आणि बॅटरी भरलेली असावी.

आमची विनंती इतकीच, की चतुर्थीच्या आधीच्या रविवारी घरातल्या त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली अर्धा तास सराव करून पाहावा. आजोबांना पुन्हा पुन्हा थांबविण्याची वेळ येणार नाही, आणि सणाच्या दिवशी आपलेही हात आरतीसाठी मोकळे राहतील.