पाठ राखणारा

हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या फौजेतले सरदार होते, ही गोष्ट मला कित्येक वर्षं स्वस्थ बसू देत नाही. ग्वाल्हेरहून गावी परतताना भिल्लांनी त्यांना गुहेत डांबलं आणि हरिपाठ म्हणत ते सुटले, असं परंपरा सांगते. पुढे आरफळला न थांबता ते आळंदीतच राहिले. १८३२च्या सुमारास त्यांनी ज्ञानेश्वर माउलींचा स्वतंत्र पालखी सोहळा उभारला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू पुरवले. कर्ण्याचा इशारा, चोपदाराचा शब्द, रथापुढच्या २७ दिंड्यांचा ठरलेला क्रम, ही सगळी शिपाईगड्याची शिस्त. तिच्यामुळे लाखोंच्या गर्दीतही वारकऱ्याला आपल्या पाठीमागे कोण चालतंय हे ठाऊक असतं.

युद्धावरून मनानं जखमी होऊन परतलेल्या माणसाचा हाच भरवसा उडतो. रांगेत मागे कोण उभं आहे या धास्तीनं त्याला घाम फुटतो, फटाका वाजला की तो पुन्हा रणात जातो. अमेरिकेत अशा माजी सैनिकांसाठी कुत्रे शिकवून तयार करतात. कुत्रा मालकाच्या मागे, त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो, लोकांना अंगचटीला येऊ देत नाही. मालक कासावीस झाला की त्याला नाकानं ढोसतो, दुःस्वप्नातून जागं करतो.

हे सुखासुखी मान्य झालं नाही. इराकमध्ये लढलेले कॅप्टन लुईस मोंतालवान २००९च्या जानेवारीत आपल्या ट्यूजडे या कुत्र्यासह राजकारणी अल फ्रँकन यांना भेटले. सिनेटवर गेल्यावर फ्रँकननी पहिलंच विधेयक आणलं ते याच कुत्र्यांसाठी. माजी सैनिकांच्या खात्यानं अभ्यास सुरू केला, पण काही कुत्रे घरातल्या मुलांना चावले आणि २०१२मध्ये तो थांबला. त्याच वर्षी खात्यानं नियम केला: अंध, बहिरे, चालू न शकणारे यांच्या कुत्र्यांचा खर्च देऊ, मनाच्या जखमेसाठी पुरावा नाही. स्वतःच अभ्यास थांबवायचा आणि पुरावा नाही म्हणायचं, हा मला निव्वळ अन्याय वाटतो. पुढे खात्यानंच १८१ माजी सैनिकांवर केलेल्या अभ्यासात अशा कुत्र्यांमुळे पीटीएसडीची (आघातानंतरच्या ताणाची) लक्षणं नुसत्या सोबतीच्या कुत्र्यांपेक्षा थोडी अधिक उतरलेली दिसली; एकूण जगण्यात मात्र फरक दिसला नाही. २०२१मध्ये अशा कुत्र्यांसाठी कायदा झाला. २०२४च्या, १५६ जणांच्या अभ्यासातही कुत्रा मिळालेल्यांचा त्रास कमी निघाला.

मोंतालवान हे पाहायला उरले नाहीत. डिसेंबर २०१६मध्ये त्यांनी आत्महत्या केली. ट्यूजडे तेव्हा जवळ नव्हता. कुत्रा आला म्हणून डॉक्टर आणि घरची माणसं मोकळी होत नाहीत.

आपल्याकडेही सातारा-सोलापूरकडच्या घराघरांतून मुलं फौजेत जातात. सैन्याचे कुत्रे मेरठच्या केंद्रात उत्तम तयार होतात. तिथे या कामाचेही व्हावेत. २०१६चा दिव्यांग कायदा मानसिक आजाराला अपंगत्व मानतो. आणि पंढरीला कुत्र्याचं वावडं कधी होतं? भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही इथलीच कथा. २०२४मध्ये निपाणीजवळच्या यमगर्णीचा ‘महाराज’ नावाचा कुत्रा दिंडीबरोबर इथे आला, चुकला आणि सुमारे २५० किलोमीटर चालून एकटा घरी पोचला.

मंदिर समितीनं दर्शनबारीच्या नियमांत एक ओळ घालावी: माजी सैनिकासोबतचा प्रशिक्षित कुत्रा अडवू नये. एसटीनंही तेच करावं.