धावणाऱ्या मुलाचा दमा
सोलापूरच्या पार्क मैदानावर दोन फेऱ्यांत छाती भरून येणाऱ्या मुलाचा खेळच बंद करणं सोपं, पण चुकीचं. इथल्या कोरड्या, धुळकट हवेत तोंडाने जोरजोरात श्वास घेतला की श्वासनलिका कोरड्या पडून आकसतात. आत सूज असेल तर जास्तच. सॅल्ब्युटामॉलचा निळा पंप आकस सोडवतो, सूज तशीच राहते. म्हणूनच 'जीना' या जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ पासून नुसत्या निळ्या पंपावर भागवू नका, असं बजावलं आहे. 'पंपाची सवय लागते' म्हणतात. पण सूज उतरवणाऱ्या पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि त्याचं व्यसन लागत नाही. (हा पंप घेतल्यावर चूळ मात्र भरायचीच.) उत्तेजक चाचणीची धास्ती? ठरलेल्या मात्रेत निळा पंप चालतो. निळा पंप आठवड्यात दोनहून अधिक वेळा लागत असेल, तर स्पर्धेआधी डॉक्टरांना गाठा.